तुम्ही विचारलंत म्हणून : जिवंत यकृतातील लोह आणि काजव्याचा उजेड

जळगाव-धुळ्याकडील महाविद्यालयांत शरीरातील सूक्ष्मधातूंवर बोलून झाले की बहुधा हाच प्रश्न येतो : ‘सर, लोह, तांबे रक्ताच्या तपासणीत कळतेच, मग त्यासाठी जिवंत उंदीर उजळवण्याचा खटाटोप कशाला?’

उत्तराची सुरुवात नंदुरबारपासूनच करावी लागते. सातपुड्यातील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो आणि ज्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या यकृतात लोह साचत जाते. ते अजमावण्यासाठी आपण रक्तातील फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारे प्रथिन, तपासतो. परंतु फेरिटिन जंतुसंसर्गानेही वाढते, आणि त्यावरून अंदाज येतो तो साठ्याचा. पेशीला इजा करते ते प्रथिनांच्या पकडीबाहेरचे, सैल लोह. यकृताचा तुकडा काढून आम्लात विरघळवला की एकूण लोह मोजता येते, पण बांधलेले किती आणि सैल किती हा भेदच पुसला जातो. म्हणून प्राणी जिवंत असतानाच पाहणे भाग आहे.

तेव्हा अमेरिकेतील बर्कली येथे असलेले रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर चँग यांच्या गटाने त्यासाठी काजव्याचे रसायन हाताशी धरले. काजव्यातील प्रकाश देणाऱ्या ल्युसिफेरिन या द्रव्याच्या रेणूला त्यांनी असे टोपण बसवले, की ते ठरावीक धातूची गाठ पडल्यावरच तुटावे. २०१६ मध्ये तांब्यासाठी आणि २०१७ मध्ये लोहासाठी. मोकळे झालेले ल्युसिफेरिन आणि उंदराच्या पेशींत जनुकीय बदलाने आधीच आणलेले काजव्याचे ल्युसिफरेज हे विकर यांची ऑक्सिजन व एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूच्या साहाय्याने क्रिया होऊन प्रकाश पडतो. बाहेरून प्रकाशझोत टाकावा लागत नसल्यामुळे ऊतकांची स्वतःची चमक आड येत नाही. मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट : काजव्याचा हिरवट-पिवळा प्रकाश ३७ अंश सेल्सिअसला तांबूस होतो, आणि हिरवा प्रकाश शोषणारे रक्तातील हिमोग्लोबिन तांबडा मात्र बराचसा बाहेर जाऊ देते. भूल दिलेला उंदीर काळोख्या पेटीत ठेवून अतिशय थंड केलेल्या कॅमेऱ्याने तोच टिपतात.

मात्र पेशीतील एटीपी घटला तरी उजेड मंदावतो. म्हणून उंदरांच्या दुसऱ्या गटाला टोपण नसलेले ल्युसिफेरिन देऊन केलेली तुलना सोबत नसेल, तर असे चित्र मी पुरावा मानत नाही.

या पद्धतीने स्निग्ध आहारावरील उंदरांच्या यकृतात तांबे घटलेले दिसले, आणि फॅटी लिव्हर आता आपल्याकडेही गावोगावच्या सोनोग्राफीत निघते. माणसाच्या पेशींत ल्युसिफरेज नसते. त्यामुळे सिकलसेलच्या मुलासाठी फेरिटिन आणि एमआरआय हेच मार्ग राहतात. पण लोह बाहेर काढणाऱ्या औषधाने यकृतातील सैल लोह खरोखर उतरते का, हे त्याच उंदरात पुन्हा पुन्हा, त्याला न मारता पाहता येते.