क्रूझवर पोकर खेळायचाय? तिकिटाआधी रेक विचारा

श्रावणात सातम-आठमला बडोद्यात तीन पत्तीचे डाव बसतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात धाडींच्या बातम्या येतात. दरवर्षीचंच आहे ते. त्या डावांत हात बसलेल्या माणसाला जहाजावरच्या पोकरचं आकर्षण वाटणं साहजिक आहे. सात रात्री समुद्र, आयतं जेवण, पोलिसांची भीती नाही. पण क्रूझवर पोकर परवडेल की नाही, हे पत्ते हातात येण्याच्या बरंच आधी ठरलेलं असतं. म्हणून या पोस्टमध्ये ‘कसं खेळावं’पेक्षा ‘कुठे बसावं’ हेच जास्त आहे.

पहिला घोळ बुकिंगचा. ‘पोकर क्रूझ’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे साधं क्रूझ, ज्याच्या कॅसिनोत पोकरचं एखादं टेबल असतं किंवा नसतंही. दुसरी खरी थीम क्रूझ. तिथे आयोजक जहाजावरच्या केबिन घाऊक घेतात, एखादा हॉल ताब्यात घेतात, स्वतःचे डीलर आणतात आणि रोख डाव, स्पर्धा, नवख्यांसाठी शिकवणी असं सगळं चालवतात. अमेरिकेत हा प्रकार १९९० च्या दशकापासून रुळला आहे. २००२ ची ‘पार्टीपोकर मिलियन’ ही मोठी स्पर्धा जहाजावरच झाली होती. ती कॅथी लीबर्टने जिंकली, आणि एकाच पोकर स्पर्धेत १० लाख डॉलर जिंकणारी ती पहिली महिला ठरली.

थीम क्रूझला खेळायला मिळण्याची अट बहुतेक वेळा एकच असते: केबिन त्या आयोजकांकडूनच घेतलेली हवी. रावपुऱ्यातल्या एजंटाने तेच जहाज, तीच तारीख थोडी स्वस्तात मिळवून दिली, तर तुम्ही जहाजावर पोहोचाल पण हॉलमध्ये शिरता येणार नाही. एजंटाकडूनच घ्यायचं असेल तर आयोजकांच्या गटाच्या कोडवर बुकिंग झाल्याचं लेखी घ्या. एकट्याने जाणाऱ्याला केबिनचं भाडं बहुतेक वेळा दोघांचं म्हणूनच भरावं लागतं, त्यामुळे खेळणारा जोडीदार सोबत असेल तर तिथेच मोठी बचत होते.

आता रेक. पोकरमध्ये तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळत नसता, समोरच्या खेळाडूंविरुद्ध खेळता. मग कॅसिनो कमावतो कुठून? प्रत्येक डावातल्या जमा पैशातून तो आपला हिस्सा काढून घेतो, तोच रेक. साधारण १० टक्के आणि त्यावर एक कमाल मर्यादा, अशी पद्धत असते. जमिनीवर शेजारी दुसरा कॅसिनो असतो म्हणून मर्यादा आटोक्यात राहते. समुद्रात तुम्ही उठून जाणार कुठे?

हिशोब मांडूनच बघा. १-२ डॉलरचं नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन बंद पानं, मध्ये पाच सामाईक; दर डावाला दोघांनी आधीच १ आणि २ डॉलर टाकायचे, ते स्मॉल आणि बिग ब्लाइंड), टेबलावर ९ जण, माणूस डीलर. तासाला सुमारे ३० डाव होतात. डावामागे सरासरी ४ डॉलर रेक धरला तर टेबलावरून तासाला १२० डॉलर गेले, म्हणजे माणशी १३ च्या वर. जिंकणारा डीलरला डॉलरभर टिप देतो, त्याचे माणशी आणखी तीनेक डॉलर. एकूण १६-१७ डॉलर, म्हणजे तासाला आठेक बिग ब्लाइंड. रेक आणि टिप जाऊन तासाला ५ ते १० बिग ब्लाइंड उरवणारा खेळाडू या पातळीवर चांगला समजला जातो. तेव्हा जहाजावर डावामागे दोन डॉलर जरी जास्त कापले, तरी चांगल्या खेळाडूचाही नफा जवळजवळ निम्मा होतो आणि मधल्या फळीतला तोट्यात जातो.

काही जहाजांवर माणूस डीलर नसतोच, पडद्यावर पत्ते दाखवणारं इलेक्ट्रॉनिक टेबल असतं. टिप वाचली म्हणून लोक खूश होतात. पण पत्ते पिसायचा वेळ वाचल्यामुळे तिथे तासाला ५० डावही होतात. तोच ४ डॉलर रेक धरला तर माणशी तासाला २२ डॉलर जातात. म्हणून विचारायचे प्रश्न चार: टक्के किती, कमाल मर्यादा किती, डीलर की यंत्र, आणि फ्लॉप (मधली पहिली तीन सामाईक पानं) आला नाही तर रेक कापतात का? बहुतेक ठिकाणी फ्लॉप न आल्यास काहीच कापत नाहीत. असं असेल तर नुसतं कॉल करत (समोरच्याइतकेच पैसे लावत) स्वस्तात फ्लॉप बघत बसण्याची सवय महागात पडते. खेळायचंच असेल तर वाढवून खेळा. सगळ्यांनी तिथेच पानं टाकली तर डाव पूर्णच्या पूर्ण तुमचा. काही आयोजक रेकऐवजी दर अर्ध्या तासाला ठराविक शुल्क घेतात. मोठ्या रकमेच्या टेबलावर ते परवडतं, छोट्यावर नाही.

रेकनंतर मार्ग बघा. जहाज बंदरात असताना कॅसिनो बहुतेक सगळीकडे बंद असतो आणि जहाज किनाऱ्यापासून पुरेसं दूर गेल्यावर उघडतो. (देशाची सागरी हद्द १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत असते.) त्यामुळे रोज नवं बंदर दाखवणारा मार्ग पर्यटनाला उत्तम आणि पोकरला निरुपयोगी. समुद्राच्या दिवशी १२ तास खेळता येतं, बंदराच्या दिवशी रात्रीचे चार-पाच. सात रात्रींच्या सहलीत समुद्राचे दिवस किमान तीन तरी असावेत. सगळ्यात जास्त खेळ मिळतो तो ऋतू बदलताना जहाजं अटलांटिकच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातात त्या प्रवासात. त्यात सलग सहा-सात दिवस जमीन दिसत नाही. मात्र त्या वेळी समुद्र उधाणलेला असू शकतो आणि परतीचं विमान दुसऱ्याच खंडातून घ्यावं लागतं. व्हिसाचंही इथेच बघा. जहाज एकदा देशाबाहेर जाऊन परत त्याच बंदरात येत असेल तर त्या देशाचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा.

स्पर्धांची जाहिरात मोठी असते, पण तिच्यातही दोन आकडे बघायचे. पहिला, प्रवेशाची फोड. ‘१०० + २५’ असं लिहिलं असेल तर १०० बक्षिसात जातात आणि २५ आयोजकांकडे, म्हणजे १२५ भरल्यावर २० टक्के बाहेर. दुसरा, पातळीची लांबी, म्हणजे ब्लाइंड किती वेळाने वाढतात ते. समजा ५,००० चिप्सने सुरुवात आहे आणि ब्लाइंड २५-५० पासून ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६०० असे चढत आठव्या पातळीला ४००-८०० होतात. पातळी १५ मिनिटांची असेल तर पावणेदोन तासांतच आठवी पातळी लागते, आणि तोवर काहीच न जिंकलेल्या माणसाच्या ५,००० चिप्स म्हणजे जेमतेम सहा बिग ब्लाइंड उरतात. तिथे कौशल्य संपतं. ‘सगळं लावा किंवा पानं टाका’ एवढंच शिल्लक राहतं. पातळी ३० मिनिटांची असेल तर तीच अवस्था यायला साडेतीन तास लागतात. जहाजावर रात्रीच्या जेवणाची वेळ आणि शो ठरलेले असतात, म्हणून आयोजकांचा कल १५ मिनिटांकडे असतो.

स्पर्धा किती वाजता संपेल हेही आधी काढता येतं. ४० जण गुणिले ५,००० म्हणजे एकूण २ लाख चिप्स. बिग ब्लाइंड १०,००० झाला की सगळ्या चिप्स मिळून २० बिग ब्लाइंडच राहतात. साधारण त्याच्या आसपास खेळ आटोपतो. बायकोला जेवणाची वेळ सांगायला हे गणित उपयोगी.

तीन पत्तीवाल्यांसाठी थोडं वेगळं. तीन पानांत सिक्वेन्स कलरपेक्षा वरचढ असतो, पोकरमध्ये उलट: फ्लश (कलर) स्ट्रेटच्या (सिक्वेन्सच्या) वर. तीन पानांचे एकूण २२,१०० संच होतात, त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८. जे दुर्मीळ ते वरचं, इतकं साधं आहे. (तीन पत्तीत ट्रेल सर्वांत वर मानतात, पण ट्रेल ५२ आहेत आणि प्युअर सिक्वेन्स ४८. म्हणजे आपणच नियम मोडून बसलोय.)

पण पानांच्या क्रमापेक्षा सवय जास्त नडते. तीन पत्तीत प्रत्येक डावाला प्रत्येकाने बूट (पानं वाटण्याआधीची ठराविक रक्कम) भरायचा, म्हणून पानं टाकणं जिवावर येतं. होल्डेममध्ये एका डावात फक्त दोघांना पैसे टाकावे लागतात. १-२ च्या टेबलावर नऊ डावांची पूर्ण फेरी फक्त ३ डॉलरला पडते, आणि पानं टाकणाऱ्याला रेकही लागत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या जागेवर (जिथे इतरांच्या आधी निर्णय घ्यावा लागतो) बसलेले असताना दहापैकी आठ-नऊ हात सरळ टाकून द्या. शेवटच्या जागेवर असाल तर जरा सैल खेळा.

टेबलावरचे नियम कडक असतात आणि नवख्याला कुणी आधी समजावत नाही. तोंडाने बोललात ते बंधनकारक. काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकली तर तो कॉल धरतात, वाढवणं नव्हे. चिप्स दोन खेपांत सरकवल्या तर दुसरी खेप परत करतात. डाव चालू असताना खिशातून पैसे काढता येत नाहीत. आणि डाव चालू असताना टेबलावर इंग्रजीच बोलायची. नवरा-बायको शेजारी बसून ‘हा काहीतरी लपवतोय गं’ म्हणाले तर डीलर टोकेल, दुसऱ्यांदा हात बाद होऊ शकतो. एका डावात दोघांनी मिळून खेळणं म्हणजे लबाडीच धरली जाते, म्हणून शक्यतो वेगवेगळ्या टेबलांवर बसा.

सराव इथेच करावा, पण पैशाशिवाय. गुजरात उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २०१७ मध्ये पोकरला जुगारच ठरवलं, आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आणली. घरी सहा जणांत सराव करायचा तर प्रत्येकाला २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ४ आणि १,००० च्या २ चिप्स द्या. बरोबर ५,००० होतात, एकूण १३२ चिप्स लागतात. मोबाइलवर १५ मिनिटांचा गजर लावा. खऱ्या टेबलाचा अंदाज हवा असेल तर क्रूझच्या आधी पणजीला मांडवीतल्या एखाद्या कॅसिनो बोटीवर, जिथे पोकर आहे का हे फोन करून विचारून, एक संध्याकाळ घालवा. क्रूझच्या मानाने ती शिकवणी स्वस्त पडते.

बोट लागण्याचा त्रास असेल तर केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे हेलकावे कमी बसतात. आपल्याकडे सवयीने एव्होमिनची गोळी घेतात. तिने गुंगी येते, आणि गुंगीत डाव वाचता येत नाही. डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्यायची का, ते ठरवा. आलेपाक बरोबर असूद्या. आणखी एक गुंगी टेबलावरच मिळते: तिथे येणारे पेग. दारूबंदीच्या गावातून गेलेल्या माणसाला तिथे हात आवरणं अवघड जातं, आणि कॅसिनोला ते माहीत असतं.

पैशाची बाजू निघण्याआधी सीएकडे नक्की करा. लॉटरीची तिकिटं, स्वीपस्टेक्स वगैरेंसाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) २००० च्या नियमांत बंदी आहे, म्हणून स्पर्धेची फी इथून आगाऊ भरण्याच्या फंदात विचारल्याशिवाय पडू नका. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात. जहाजाच्या खात्यावरून कॅसिनोत पैसे उचलले तर बऱ्याच कंपन्या वर काही टक्के शुल्क लावतात, ते रोखीने वाचतं. परतताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त नोटा जवळ असतील तर कस्टम्सला सांगावं लागतं.

चिप्स शेवटच्या रात्रीच वटवा. सकाळी जहाज बंदराला लागलेलं असतं, कॅशियरची खिडकी बंद असू शकते आणि त्या चिप्स दुसऱ्या कुठल्याही कॅसिनोत चालत नाहीत. जिंकलेल्या रकमेवर भारतात सरसकट ३० टक्के आणि वर सेस लागतो, पैसे परदेशात जिंकले असले तरी. त्यातून हरलेले पैसे वजा होत नाहीत आणि क्रूझचं भाडंही. सोमवारी २,००० जिंकले आणि मंगळवारी २,००० हरले, तर खिशात शून्य असूनही कराच्या हिशोबात सोमवार उरतोच. म्हणून रोज किती घेऊन बसलात आणि किती घेऊन उठलात, याची तारखेसह वही ठेवा.