एका ‘एम्प्रेस’च्या शोधात बॅलार्ड इस्टेट

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरले आणि खांद्यावरची बॅग तशीच घेऊन चालत बॅलार्ड इस्टेटला गेले. तारीख ५ एप्रिल, राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ साली याच तारखेला मुंबईहून ‘लॉयल्टी’ बोट लंडनला निघाली होती, आणि त्यामागे आमच्या सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद होते.

नरोत्तम मोरारजी मार्गावर त्यांच्या जहाज कंपनीची इमारत, सिंधिया हाउस. भिंतीला हात लावला. ऊन चढायचं होतं, दगड अजून गार होता.

‘लॉयल्टी’ हे तिचं बारशाचं नाव नव्हे. १८९० मध्ये इंग्लंडात बॅरोला कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी ती बांधली, तेव्हा ती ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ होती. पांढरीशुभ्र बोट, प्रशांत महासागर ओलांडून व्हँकुव्हरला जाणारी. ३१ मे १८९३ ला मुंबईहून ‘पेनिन्सुलर’ने निघालेले स्वामी विवेकानंद पुढे योकोहामाला याच एम्प्रेसवर चढले. जमशेटजी टाटाही तिच्यावरच होते! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

१९१४ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती घेतली. जखमी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज झाली आणि नाव पडलं ‘लॉयल्टी’. महायुद्ध संपल्यावर ती विकायला काढल्याचं वालचंदांना कळलं ते दिल्लीहून मुंबईला येताना, रेल्वेच्या डब्यात. त्यांनी ती विकत घेतली, आणि नव्या कंपनीला नाव दिलं तेही शिंद्यांचंच, ‘सिंधिया’.

तिचं जुनं नाव कॅनेडियन पॅसिफिकने १९२१ मध्ये दुसऱ्या बोटीला दिलं. मूळची जर्मन, ‘प्रिन्झ फ्रीडरिश विल्हेल्म’. पुढच्याच वर्षी ते पुसून ‘माँटलॉरियर’ केलं. त्या दुसरीबद्दल मला काही वाटत नाही, तिच्यात इंडिया होता तो नावापुरता. पहिली आपली झाली ती नाव गेल्यावर. १९२३ मध्ये तिला इथेच, मुंबईत तोडलं.

बॅलार्ड इस्टेटमधून समुद्र दिसत नाही, बंदराची भिंत आडवी येते. म्हणून टॅक्सी करून भाऊच्या धक्क्यावर गेले आणि रेवसचं तिकीट काढलं. आमच्या लाँचला खेटून एक जुनी लाँच बांधलेली होती. ताज्या निळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांत नवं नाव, आणि रंगाखालून आधीच्या नावाची अक्षरं वर आलेली. पहिलं ‘मा’ होतं. पुढचं लागेपर्यंत आमची लाँच सुटली.