टीबी नव्हताच

दमा मला लग्नाआधीपासूनचा. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात खोकला वाढला तेव्हा घरात कुणी मनावर घेतलं नाही, मीसुद्धा. पंप जास्त वेळा ओढायचा आणि गोठ्यात जायचं. नवरात्रापर्यंत वजन पाच किलोंनी उतरलं, संध्याकाळी कणकण यायची आणि खोकल्यातून काकवीच्या रंगाच्या चिवट गुठळ्या पडू लागल्या.

एक्स-रेत डाग दिसला. बेडक्यात दोन्ही वेळा जंतू सापडले नाहीत, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी, तोंडाला चव नाही. सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळी काढली. त्या घाबरल्या होत्या. मुलीला जवळ घ्यायची मलाही भीती वाटायची. तीन महिन्यांत काडीचा फरक नाही. याचा राग अजून जात नाही. जंतू सापडत नाहीत, औषधाला गुण नाही, मग दुसरं काही असेल का, एवढं तरी कुणी विचारायला हवं होतं.

शेवटी अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, "बेडका कुठल्या रंगाचा पडतो?" मग रक्तातली आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रथिन) तपासली. दमेकऱ्यात ती 500 च्या वर असली की बुरशीच्या ॲलर्जीची शंका घेतात. माझी 4,860 आली. ॲस्परजिलस बुरशीची वेगळी रक्ततपासणीही पॉझिटिव्ह. सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिका रुंदावलेल्या, त्यांत घट्ट कफ. आजाराचं नाव एबीपीए, म्हणजे फुफ्फुसातली या बुरशीची ॲलर्जी.

ही बुरशी दमेकऱ्याच्या चिकट कफात रुजते आणि शरीर तिच्यावर इतकं चवताळतं की त्यात आपल्याच श्वासनलिका कायमच्या खराब होतात. एकाचा आजार दुसऱ्याला लागत नाही. हे वाक्य मी डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं, दुसऱ्यांदा फोनवर, सासूबाईंसाठी.

टीबीच्या गोळ्या थांबल्या. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कमी कमी करत चार महिने चाललं. तोंड सुजलं, झोप उडाली, पण तिसऱ्या आठवड्यात गुठळ्या बंद झाल्या. आठ आठवड्यांनी आयजीई 2,150. ती अगदी नॉर्मल व्हायलाच हवी असं नाही. आपला खाली आलेला आकडा वहीत लिहून ठेवायचा. पुढे तो दीडपट झाला आणि त्रासही वाढला, तर आजार उलटला.

माझा गेल्या श्रावणात उलटला. या वेळी इट्राकोनाझोल, बुरशीवरचं औषध. ही कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची आणि ॲसिडिटीची गोळी बंद, नाहीतर ती अंगी लागत नाही. पंपही बदलावा लागला, कारण या औषधामुळे पंपातलं ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड अंगात साठत जातं. मी घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून नेली होती, म्हणून डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. तुम्हीही न्या.

माळ्यावरचा ओल धरलेला पेंढा उपसताना बुरशीची करडी धूळ उडायची. ती मी वीस वर्षं छातीत घेतली. आता पेंढा हे काढतात, मी तेव्हा अंगणातही थांबत नाही. गणपती झाले की पुन्हा रक्त द्यायला कोल्हापूरला जायचंय.