तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्याकडं चालायलंय, तिकडं का चालंना?

मी लातूरला वेब ॲप्लिकेशनची कामं करते आणि इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना अडलंनडलं सांगते. त्यामुळं हा प्रश्न सारखा येतो. उदगीरहून येतो, अंबाजोगाईहून येतो, नांदेडहून येतो, आणि शब्दही जवळपास तेच असतात: "ताई, माझ्या लॅपटॉपवर चालायलंय की, सर्व्हरवर टाकलं की का चालंना?" फोनवर तुटक सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

उत्तर अर्धं त्या प्रश्नातच आहे. कोड तोच, एका जागी चालतो, दुसऱ्या जागी अडतो. मग दोन जागांमध्ये वेगळं काय आहे ते हुडकायचं. पण बहुतेक जण लगेच कोडच बदलायला घेतात. इथली ओळ खोड, तिथं एआयनं दिलेला तुकडा चिकटव, पॅकेजं काढून पुन्हा टाक. तासाभरानं मूळची अडचण कोणती आणि आपण नव्यानं घातलेली कोणती, हेच कळेनासं होतं. म्हणून माझा हट्ट असतो: आधी बघा, हात नंतर लावा, आणि एका वेळी एकच बदल करा.

बघायचं कुठं? ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, नेटवर्कचा टॅब उघडा आणि पान पुन्हा लोड करा. जी ओळ लाल झाली तिचा स्टेटस कोड वाचा. ४०४ आला तर मागितलेली वस्तू त्या पत्त्यावर नाही. ४०१ म्हणजे तुम्ही कोण ते सर्व्हरला पटलेलं नाही, ४०३ म्हणजे इथं यायची तुम्हाला परवानगी नाही. ५०० असेल तर ब्राउझर बंद करा, दोष सर्व्हरवर आहे आणि तो लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, लिहिलेला असतो. ५०२ आला तर पुढं उभा असलेला एनजिनएक्स (आलेली मागणी ॲप्लिकेशनकडं पोचवणारा दारवान) जिवंत आहे, मागचं ॲप्लिकेशन मात्र पडलंय किंवा भलतंच उत्तर देतंय. एवढं वाचता आलं तरी कुठं शोधायचं ते कळतं.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा फरक म्हणजे पत्ता. फ्रंटएंडच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या, कोडमध्ये कुठंतरी 'लोकलहोस्ट' राहून जातं. लोकलहोस्ट म्हणजे ज्या यंत्रावर पान उघडलंय तेच यंत्र. तुमच्या लॅपटॉपवर मागं सर्व्हर चालू असतो, म्हणून साइट सर्व्हरवर टाकल्यावरही तुम्हाला ती अनेकदा व्यवस्थित दिसते. शेजारच्या मित्राच्या मोबाइलवर तीच कोरी येते, कारण त्याचा मोबाइल स्वतःलाच डेटा मागत बसतो. त्यामुळं नवीन साइट तपासताना आपला लॅपटॉप सोडून दुसऱ्याच्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडून बघा. दुसरा फरक फायलींच्या नावांचा. विंडोजला नावातलं लहान-मोठं रोमन अक्षर सारखंच वाटतं, लिनक्सला वाटत नाही. एका अक्षरापायी बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार साइट बनवायचं काम, फुटतं.

कॉर्सच्या (एका पत्त्यावरच्या पानाला दुसऱ्या पत्त्यावरचा डेटा द्यायचा की नाही, या ब्राउझरच्या नियमाच्या) एररबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथं मुलं हमखास चुकीच्या वाटेला लागतात. पानाचा पत्ता एक आणि डेटाचा दुसरा असला, अगदी नुसता पोर्ट (पत्त्याच्या शेवटचा दाराचा आकडा) ३००० आणि ५००० असा वेगळा असला, तरी ब्राउझरच्या लेखी ती दोन परकी घरं. दुसऱ्या घरानं हेडरमधून (उत्तराच्या माथ्यावरच्या ओळींमधून) मान्यता दिल्याशिवाय ब्राउझर ते उत्तर पानाच्या हाती देत नाही. पोस्टमनमध्ये (ब्राउझरशिवाय मागण्या पाठवून बघायच्या साधनात) चालतं, कारण हा नियम ब्राउझर पाळतो, पोस्टमन नाही. यावर एक्स्टेंशन टाकून नियमच बंद करणं हा उपाय नव्हे. ते फक्त तुमच्या ब्राउझरमध्ये बंद होतं, गिऱ्हाइकाच्या नाही. आणि एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: कधी कधी कॉर्स नीटच लावलेलं असतं, पण सर्व्हर आतून ५००नं पडतो आणि त्या पडझडीच्या उत्तरावर मान्यतेचा हेडर लागत नाही. कन्सोलमध्ये कॉर्सचीच ओरड दिसते. एररचं नाव वाचून थांबू नका, त्याच वेळचा सर्व्हरचा लॉगही बघा.

आता आपल्याकडचं उदाहरण देते. मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) आडतीसाठी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, करणारं ॲप्लिकेशन. लॅपटॉपवर सगळं चोख चालायचं. मोंढ्यात सोयाबीनची एकच आवक, पण पट्ट्या दोन. तिथं सकाळी सौद्याच्या वेळी गर्दी, मोबाइलचं नेट रेंगाळलेलं. मुनीम 'जतन करा' दाबतो, काही हलत नाही, पुन्हा दाबतो. दोन्ही मागण्या सर्व्हरवर पोचतात आणि सर्व्हर इमानानं दोन्ही लिहून घेतो. लॅपटॉपवर सर्व्हर त्याच यंत्रात असल्यामुळं दुसऱ्यांदा दाबायला वेळच मिळत नाही. बटण दाबल्याबरोबर निकामी करावं हे खरं, पण तेवढ्यानं भागत नाही, कारण सर्व्हरनं लिहून घेतलं आणि उत्तर वाटेत हरवलं तर ॲप तीच मागणी आपणहून पुन्हा पाठवू शकतं. म्हणून फॉर्म उघडतानाच एक वेगळा ओळख क्रमांक बनवायचा, तो पट्टीसोबत पाठवायचा आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेऊ न देणारं) घालायचं. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद करायची नाही, पहिल्या नोंदीचंच उत्तर परत द्यायचं. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब आहे हा, इथं 'सहसा होत नाही' चालत नाही. एफ१२मध्येच नेट मुद्दाम हळू करून बघायची सोय आहे. ती वापरा, मोंढ्यातली सकाळ घरबसल्या दिसेल.

तारखेचा घोळही असाच. एका शाळेच्या कॅलेंडरमध्ये १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १६ तारखेला दिसायला लागला. झेंडावंदनाची तारीख चुकणं आपल्याकडं कुणी हसण्यावारी नेत नाही. नेटवर्क टॅबमध्ये पाठवलेला मजकूर उघडला की कारण डोळ्यांसमोर येतं: तिथं १६ सप्टेंबर, १८ वाजून ३० मिनिटं असं लिहिलेलं. आपलं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढं. आपल्याकडं १७ तारखेची मध्यरात्र होते तेव्हा यूटीसीमध्ये आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. लॅपटॉपवरचा सर्व्हर भारतीय वेळेवर चालतो, तो वेळ पुन्हा फिरवून १७ दाखवतो. क्लाउडवरचा सर्व्हर यूटीसीवर होता, त्यानं १६ दाखवली. यावर दाखवताना एक दिवस मिळवायचा उपाय मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय आणि तो मला अजिबात मान्य नाही. तसं केलं की लॅपटॉपवर तीच तारीख १८ होते. सण, जन्मतारीख, परीक्षेचा दिवस यांना वेळ नसतेच. त्या वर्ष-महिना-दिवस अशा साध्या मजकुरातच पाठवा आणि तारखेच्याच रकान्यात ठेवा, वेळेत घालूच नका.

मराठी अक्षरांच्या जागी ???? दिसलं की पोरं घाबरतात. आधी एवढं ठरवा: डेटा मेलाय की फक्त नीट दिसत नाही? मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्या रकान्याचं हेक्स (साठलेले बाइट आकड्या-अक्षरांत) काढून बघा. 'म'साठी ई० ए४ एई असे तीन बाइट आले तर मजकूर शाबूत आहे, डेटाबेसच्या जोडणीचं कॅरॅक्टर सेट (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) दुरुस्त करा. नुसतेच ३एफ, ३एफ आले तर तिथं खरोखरच प्रश्नचिन्हं साठली आहेत, मूळ मजकूर बॅकअपमधून आणावा लागेल. मायएसक्यूएल ८.० पासून मराठी पेलणारं यूटीएफ८एमबी४ आपोआप मिळतं, त्याआधी मराठी न पेलणारं लॅटिन१ मिळायचं. जुना सर्व्हर असेल तर हे पहिल्यांदा तपासा.

कोडचा काडीचा दोष नसतानाही अहवाल बिघडतो. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. यादीतली नावं बदलली, जुन्या नोंदी तशाच राहिल्या, आणि मराठवाड्याचे आठ जिल्हे अहवालात दहा झाले. लॅपटॉपवर नवा नमुना डेटा असतो, म्हणून तिथं कळत नाही. जिल्हा नावानं साठवू नका, संकेतांकानं साठवा. सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्ह्याचा, तालुक्याचा, गावाचा संकेतांक आहे.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर? मग वाट अर्धी करत चला. ठिबकच्या टोकाला पाणी येत नसलं तर आपण विहिरीपासून एकेक जोड उकरत नाही, मधला व्हॉल्व्ह उघडून बघतो. इथंही तसंच. ब्राउझरनं बरोबर पाठवलं का? सर्व्हरच्या दारात तसंच पोचलं का? डेटाबेसमध्ये तसंच उतरलं का? शेवटचं बरोबर कुठं होतं आणि पहिलं चूक कुठं दिसलं, या दोन खुणांमध्येच दोष असतो. कालपर्यंत चालत होतं आणि आज नाही, अशी गत असेल तर गिटचा (कोडचे बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाचा) बायसेक्ट हेच काम तुमच्या बदलांवर करतो. हजार बदलांमधून बिघडवणारा एक बदल साधारण दहा तपासण्यांत हाती लागतो.

एवढं करूनही अडलंच तर मला जरूर विचारा, वेळ काढून बघेन. फक्त 'चालंना' एवढंच लिहू नका. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, स्टेटस कोड किती आला, हे लिहा. लॉगमधली शेवटची नाही, पहिली एरर पाठवा, पुढच्या बहुतेक तिच्यापायीच आलेल्या असतात. स्क्रीनचा मोबाइलनं काढलेला फोटो नको, मजकूर कॉपी करून द्या. आणि त्यातले पासवर्ड, टोकन, गुप्त 'की' आधी काढून टाका.