इटलीत रोजच सुट्टी असते का?

"मजा आहे बाई तुमची! इटलीत राहायचं म्हणजे रोजच सुट्टी." मावशी म्हणते, पुण्यातल्या जुन्या ऑफिसातले म्हणतात, सांगलीच्या शेजारच्या काकूंनी तर "जावई कामाला जातात ना नक्की?" असंही विचारून घेतलं. मी दर वेळी हसून "हो ना" म्हणते आणि विषय बदलते, कारण फोनवर एवढं कोण सांगत बसणार? तर आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी राहतो कुठे ते. रोम नाही, व्हेनिस नाही, बोलोन्या. इथलं विद्यापीठ १०८८ सालापासूनचं मानतात, पण माझा नवरा इथे आला तो यंत्रांमुळे. चहाच्या पिशव्या, औषधाच्या गोळ्या, साबणाच्या वड्या असल्या वस्तू मोजून, गुंडाळून खोक्यात भरणारी यंत्रं बनवण्यात हा भाग जगात नावाजलेला आहे. पुण्याच्या कारखान्यात असलीच यंत्रं उभी करता करता तो इकडे आला आणि मागून मी. मी अजून पुण्यातल्याच एका फर्मचे हिशेब बघते, इथल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार. ऑक्टोबर संपताना इथली घड्याळं मागे गेली की माझं ऑफिस एका रात्रीत तासभर लवकर भरायला लागतं. बाहेर मिट्ट काळोख, आत साडेपाचला मी जीएसटीचे आकडे जुळवतेय. ही माझी सुट्टी.

आपल्याकडे समज असा, की इटालियन माणूस म्हणजे निवांत, घड्याळाशी वैर असलेला. मला विचाराल तर इतका वेळेला धरून चालणारा समाज मी दुसरा पाहिला नाही. गाडीला उशीर होईल, सरकारी कागदाला तर होणारच, पण जेवणाला नाही. दुपारचं जेवण साडेबारा ते दोन. गल्लीतल्या खानावळीचं स्वयंपाकघर अडीचला बंद म्हणजे बंद, ते उघडणार संध्याकाळी सातनंतर. भारतातून पाहुणे आले की त्यांना नेमकी चारला भूक लागते. पर्यटकांच्या चौकात मिळतं म्हणा काहीतरी, महाग आणि बेचव. आम्ही त्यांना घरी आणून पोहे घालतो. दुधाची कॉफी सकाळची. दुपारच्या जेवणावर कापुचिनो मागितलात तर वेटर देतो, पण आधी दोनदा विचारून खात्री करून घेतो. जेवणानंतर घोटभर काळी कॉफी, तीही काउंटरशी उभ्याने. टेबलावर बसून प्यायलात तर बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे पडतात.

घर कधी गरम करायचं हेसुद्धा कायद्याने ठरलेलं. थंडीच्या मानाने देशाचे विभाग पाडलेत. आमच्या विभागात १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, आणि दिवसाला जास्तीत जास्त १४ तास. इमारतीचा बॉयलर सामाईक आहे. त्यामुळे दहा तारखेला कडाका पडला तरी शाल गुंडाळून पंधरा तारखेची वाट बघायची. पहिल्या वर्षी मी कुरकुरले. आता मीच पाहुण्यांना तारखा ऐकवते.

समोरच्या फ्लॅटमधल्या सिन्योरा ऐंशीच्या पुढच्या आहेत. रविवारी सकाळी त्या पास्त्याची पोळी लाटतात, तेव्हा त्यांच्या दारातून लाकडावर लाकूड फिरल्याचा आवाज येतो. टेबलभर मोठा पाट, त्यावर १०० ग्रॅम पिठाला एक अंडं या हिशेबाने मळून, झाकून मुरवलेला पिवळा गोळा, आणि हातभराहून लांब लाटणं. आपण पोळी फिरवत लाटतो; त्या ती लाटण्यावर गुंडाळतात, तळवे मधून बाहेर सरकवत ताणतात, उलगडतात, थोडी वळवतात, पुन्हा गुंडाळतात. पोळी वाढत वाढत पाटाच्या कडेवरून खाली लोंबायला लागते, तशा त्या पोटाने तिला पाटाशी दाबून धरतात, म्हणजे निसटत नाही आणि आपल्याच वजनाने ताणलीही जाते. शेवटी दोन्ही हातांवर उचलून खिडकीशी धरतात. पोळीतून पलीकडे टेकडीवरचं सान लुकाचं देऊळ दिसलं पाहिजे, ही इथली जुनी कसोटी. आमच्या बाजूला खिडकीतून फक्त समोरच्या इमारतीचा पाण्याचा पाइप दिसतो. पण त्या "दिसलं" म्हणतात आणि सुरी हातात घेतात.

नाताळात त्यांच्याकडे तोर्तेल्लिनी होतात, म्हणजे सारण भरलेला पास्ता, करंगळीच्या टोकाएवढे, आत डुकराचं मांस, मोर्तादेल्ला नावाचं सॉसेज आणि चीज, कोंबड्याच्या सुपात उकळलेले. नवरा दोन वाट्या चापतो. मी अंड्यापर्यंतच, म्हणून माझ्यासाठी वेगळे मोठे तोर्तेल्लोनी करतात, रिकोटा आणि पार्सली भरलेले, लोणी आणि सेजच्या पानांत घोळलेले. वरून पार्मिज्जानो चीज किसतात. त्यात वासराच्या पोटातलं विरजण असतं हे कळल्यावर मी बरेच दिवस बशी बाजूला सारायची. पुढे खायला लागले. यावर सासरी चर्चा नको.

आता फिरण्याचं. "युरोपात राहता, म्हणजे पॅरिस, स्वित्झर्लंड सगळं झालंच असेल!" नाही झालं. आमच्यासारख्यांचा मुक्काम राहण्याच्या परवान्यावर. तो एक-दोन वर्षांचा असतो. मुदत संपत आली की पोस्टातून अर्जाचं पाकीट आणायचं, तंबाखूच्या दुकानातून १६ युरोचं मुद्रांक तिकीट आणायचं, सगळे कागद भरून पोस्टातच द्यायचे, मग ठशांची तारीख. नवं कार्ड यायला महिने लागतात. तोवर हातात पोस्टाची पावती. त्या पावतीवर इटलीत राहता येतं, काम करता येतं, भारतात जाऊन परत येता येतं, पण मध्ये दुसऱ्या शेंगेन देशात, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशात, पाऊल टाकता येत नाही. म्हणून मुंबईला जायचं ते दुबईवरून, फ्रँकफर्टवरून नाही. आणि पॅरिस पुढच्या कार्डावर.

गाडी घेऊन हिंडावं, तर भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही. इथले रहिवासी होऊन वर्ष उलटलं की ते चालतही नाही. इटालियनमधून परीक्षा द्यायची, ३० विधानं, खरं की खोटं, तीनपेक्षा जास्त चुकली की नापास. नवऱ्याने पुस्तक आणलंय. ते फ्रिजवर आहे.

राहिली रेल्वे, आणि बोलोन्यासारखं जंक्शन नाही. जलद गाडीने फ्लॉरेन्स चाळीस मिनिटांच्या आत. आम्ही मात्र बहुधा साध्या गाडीने जातो. ती स्वस्त, आरक्षणाची भानगड नाही, आणि शनिवारी सकाळी दाराबाहेर पाऊस बघून बेत बदलता येतो. संप असला तरी बेत मोडत नाही, वेळ बदलते. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. संपाचंसुद्धा वेळापत्रक असणारा देश म्हणजे निवांत, असं ज्याला म्हणायचं त्याने म्हणावं.

अशा हिंडण्यात राव्हेन्ना आमचं सगळ्यात आवडतं. गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाची छोटी वास्तू पाचव्या शतकातली. बाहेरून नुसती विटांची, कोणी बोट दाखवलं नाही तर पुढे निघून जाल. आत वाकून शिरायचं. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर नावाच्या दगडाचे पातळ तुकडे बसवलेत, त्यातून मधाळ उजेड येतो. डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही, आणि मग डोक्यावरचा गडद निळा घुमट चांदण्यांसकट वर येतो. गर्दीच्या दिवसांत आत जेमतेम काही मिनिटं मिळतात, म्हणून आम्ही थंडीत जातो. तिथून चालत अंतरावर महाकवी दान्तेची समाधी. तो फ्लॉरेन्सचा, पण फ्लॉरेन्सने हाकललेला, १३२१ मध्ये राव्हेन्नात वारला. समाधीवरच्या दिव्याला तेल आता दरवर्षी सप्टेंबरात फ्लॉरेन्स पाठवतं. हाडं परत मागून झाली होती, राव्हेन्नाने दिली नाहीत.

जेनोवाला गेलो तेव्हा मोठ्या पसरट तांब्याच्या थाळ्यात भट्टीतून निघालेली फरिनाता खाल्ली. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. नवरा एक घास खाऊन म्हणाला, "फोडणी विसरले." तेव्हापासून सुपरमार्केटात तेच पीठ आणतो आणि आठवड्यातून एकदा पिठलं होतं. तोस्कानातल्या डोंगरगावात द्राक्षांचे क्रेट भरलेला तीनचाकी पियाज्जो टेम्पो समोरून आला की आम्ही दोघं "बारामती!" म्हणून ओरडतो, पियाज्जोचा कारखाना तिथे आहे ना. शेजारी उभे असलेले बिचकतात.

सासूबाई आल्या होत्या मे महिन्यात. त्यांना सान लुकाला जायचंच होतं. टेकडीवरचं मेरीचं देऊळ, आणि शहराच्या वेशीपासून तिथपर्यंत ६६६ कमानींची सलग पडवी, चार किलोमीटरला थोडी कमी. शहरात तर कमानीच कमानी, सगळ्या मिळून ६२ किलोमीटर. २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत. पावसात छत्री न घेता भाजी आणता येते, हा माझ्या दृष्टीने त्यांचा खरा मोठेपणा. १४३३ साली पाऊस थांबेना म्हणून डोंगरावरची मेरीची तसबीर मिरवत शहरात आणली, आणि उघडलं म्हणतात. तेव्हापासून ती दरवर्षी खाली येते, आठवडाभर मुक्काम करते, परत जाते. ती भिजू नये म्हणून १६७४ पासून ही पडवी बांधायला घेतली. सासूबाई गुडघे धरत, थांबत, चढावरच्या प्रत्येक कमानीतला दगडावरचा मजकूर मला वाचायला लावत होत्या. अमुक घराण्याने बांधून दिली, तमुक धंद्याच्या संघाने दिली. "म्हणजे आपल्या देवळाच्या पायऱ्यांसारखंच," त्या म्हणाल्या. "तिथे नावावर पाय पडतो, इथे वर मान करावी लागते." देवीला कोणत्या फळाचा नैवेद्य चालतो, हे त्यांनी मला तिथल्या पाद्र्यांना विचारायला सांगितलं. मी विचारलं नाही.

आणि ऑगस्ट. १५ ऑगस्टला तुमच्याकडे झेंडावंदन, इथे फेर्रागोस्तो, सम्राट ऑगस्टसच्या काळापासून चालत आलेली सुट्टी. त्याच्या आगेमागे दोन-तीन आठवडे आमच्या गल्लीत शटरं खाली. बेकरीवर चिठ्ठी, चांभारावर चिठ्ठी, दाताच्या डॉक्टरांवर चिठ्ठी. सगळे समुद्राकडे. ज्या सुट्टीबद्दल तुम्ही विचारता ती हीच. फक्त ती सगळ्यांना नसते. खाली कमानीत बांगलादेशी दादांचं दुकान त्या दिवशीही रात्री उशिरापर्यंत उघडं. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, तूरडाळ, जे मागाल ते. शहरात उरलेले म्हातारे त्यांच्याच भरवशावर असतात, आमच्या सिन्योरा धरून.

इथून तासाभराच्या पल्ल्यावर नोव्हेल्लारा नावाचं गाव आहे. तिथे मोठा गुरुद्वारा आहे, २००० साली तेव्हाचे युरोपीय आयोगाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी यांच्या हस्ते उद्घाटन झालेला. आसपासच्या गोठ्यांत पंजाबी माणसं काम करतात. पार्मिज्जानोच्या एका चाकाला सुमारे ५५० लिटर दूध लागतं, चाक भरतं ४० किलोच्या आसपास. गाय रोज दोनदा पिळावी लागते, नाताळ असो की फेर्रागोस्तो. लंगरात शेजारी बसलेले काका सांगत होते, "पहाटे तीनला पहिली धार, दुपारी तीनला दुसरी. ऑगस्टात मालक समुद्रावर, तेव्हा आमची ड्यूटी वाढते." बोलोन्यात जिभेवर विरघळणारं ते चीज पुष्कळदा होशियारपूरकडच्या हातांतून आलेलं असतं. सुट्टीचा विषय निघाला की मला हे काका आठवतात, आणि मावशीला ते कसं सांगावं हे कळत नाही.

तर, यायचं असेल तर या. मे महिन्यात या, ऑगस्टात नको. विमानात थोडं खाऊन घ्या, म्हणजे चारला भूक लागणार नाही. पेढे आणि तूप आणू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत, विमानतळावर काढून टाकतात. गोडा मसाला आणा. बाकरवडी जरा जास्तच आणा, कारण सिन्योरांना ती फार आवडते. फक्त जेवण झाल्यावर देऊ नका. ती संध्याकाळी सहाला, जेवणाआधीच्या वाइनबरोबर खायची असते, असं त्यांनी ठरवलंय.