मनगटापासून खुब्यापर्यंत

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, पहाटे न्हाणीघराकडे जाताना, माझ्या ७८ वर्षांच्या आईचा पाय पायपुसण्यावरून सरकला आणि ती उजव्या कुशीवर पडली. ती जिन्यावरून कोसळली नव्हती की कशावर आदळली नव्हती, तरी उजवा पाय बाहेरच्या अंगाला वळलेला आणि किंचित आखूड दिसत होता. खुब्याचे हाड मोडल्याची ती खूण असते, हे मला क्ष-किरण चित्र पाहिल्यावर कळले.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. या वयात भूल सोसेल का, या भीतीने मी चार दिवस थांबण्याची भाषा करत होतो. पण अंथरुणावरचा प्रत्येक दिवस छातीत कफ साठणे, पायात रक्ताच्या गाठी होणे आणि पाठीला जखमा होणे यांना आमंत्रण देतो, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. हाडाच्या पोकळीत सळई बसवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला वॉकर धरून उभे केले.

त्या रात्री मात्र आई मला ओळखेना. ती सलाइनची नळी ओढू लागली आणि दारात वडील उभे आहेत, असे म्हणू लागली. वडील जाऊन ११ वर्षे झाली होती. वयस्कर रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर असा भ्रम वारंवार दिसतो आणि बहुधा ओसरतो, हे कोणी आधी सांगितले असते तर मी इतका हादरलो नसतो. परिचारिकेने तिला चष्मा आणि श्रवणयंत्र लावून दिले, दिवसा खिडकी उघडी ठेवायला आणि घरच्या माणसाने जवळ बसायला सांगितले. तिसऱ्या दिवशी तिने चहात साखर कमी असल्याची तक्रार केली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

घरी सोडताना मिळालेल्या कागदावर जखमेची आणि टाके काढण्याची माहिती होती. हाड मुळात इतके ठिसूळ का झाले, याविषयी एक ओळही नव्हती. तो प्रश्न पुढे आमच्या ओळखीच्या फिजिशियन बाईंनी काढला. “याआधी कधी हाड मोडले होते का?” असे त्यांनी विचारले आणि मला चार वर्षांपूर्वीचे मनगटाचे प्लास्टर आठवले. तेव्हाही ती अंगणात उभ्या उभ्याच पडली होती. हाड जुळले, प्लास्टर निघाले आणि आम्ही सगळेच तो विषय विसरलो, तेव्हा उपचार करणारे डॉक्टरसुद्धा. माझा राग आहे तो या विसरण्यावर. देवघराची वरची फळी तिच्या हाताला येईनाशी झाली, तेही आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिले होते. पाठीच्या क्ष-किरण चित्रात दोन मणके दबलेले निघाले.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, कण्याची आणि शाबूत डाव्या खुब्याची झाली. तिच्यात निरोगी तरुण हाडाशी तुलना करून टी-स्कोअर काढतात; तो उणे २.५ किंवा त्याखाली असणे म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडे ठिसूळ होण्याचा आजार. तिचा खुब्याचा आकडा उणे ३.१ होता. पूर्वी एका मोफत शिबिरात टाचेची तपासणी करून “ठीक आहे” असे सांगितले होते, पण ती डेक्साची जागा घेऊ शकत नाही.

हाडांची झीज रोखणारे औषध लगेच सुरू करता आले नाही. रक्तातील ड जीवनसत्त्व फारच कमी होते, म्हणून आधी आठ आठवडे ६०,००० युनिटची पुडी दर रविवारी दुधातून दिली. मूत्रपिंडांची तपासणी झाली. एक हलणारी दाढ काढून हिरडी भरू दिली, कारण या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. नाचणीची आंबील आई आनंदाने घेई, पण तेवढ्याने मोडलेला खुबा सांभाळला जात नाही, हे मावशीला पटवणे मला जमले नाही.

या औषधाच्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीसाठी उपाशीपोटी भरपूर पाणी पिऊन अर्धा तास ताठ बसावे लागते. आईला जळजळीचा त्रास असल्याने झोलेड्रॉनिक आम्लाचे, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे इंजेक्शन ठरले. ते कार्तिकात दिले; दीड दिवस ताप आणि अंगदुखी झाली, पॅरासिटामॉलने उतरली.

आता ती काठी घेऊन कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाते. न्हाणीघरात पकडायला दांडे बसवले आहेत आणि रात्री बोळात दिवा जळतो. पायपुसणे मी त्याच आठवड्यात टाकून दिले. ते तिने स्वतःच्या जुन्या लुगड्याचे शिवले होते आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.