मॉरिशसमधे देवमासा दिसला, पण भाव खाल्ला कबुतराने

मॉरिशसला हॉटेलच्या बाहेर सकाळी पहिलं काय दिसावं तर साळुंकी, मागोमाग शिपाई बुलबुल. बायको म्हणाली, हे बघायला एवढं तिकीट काढलं का? प्रश्न बरोबरच होता, कारण हे पक्षी तिथले नाहीतच, माणसांनी नेऊन सोडलेत, आणि मूळचे जे आहेत ते शोधत फिरावं लागतं.

आधी देवमासे. पश्चिमेला तामारँकडून भल्या सकाळी बोटी निघतात. तिथल्या थंडीत, म्हणजे साधारण जुलै ते ऑक्टोबर, हंपबॅक जातीचे देवमासे अंटार्क्टिकाकडून येतात, स्पर्म व्हेल या दुसऱ्या जातीच्या माद्या आणि पिल्लं तर जवळपास वर्षभर असतात. आमच्या बोटवाल्याने लांबूनच ओळखलं, स्पर्म व्हेलचा फवारा सरळ वर न जाता पुढे डावीकडे तिरका उडतो म्हणे. बराच वेळ ती नुसती ओंडक्यासारखी पडून श्वास घेत होती, मग पाठ वाकवली, शेपूट वर, आणि गायब!! तेवढ्यात अजून बोटी येऊन घोळका झाला, ते काही बघवलं नाही.

पण खरी मजा माएबुरजवळच्या इल-ओ-एग्रेत बेटावर. जेमतेम 26 हेक्टर, उंदीर हटवून जुनं आबनूसचं जंगल परत उभं करतायत, आणि तिथे फांदीवर गुलाबी कबुतर निवांत बसलेलं, पायात रंगीत कड्या. 1990 च्या सुमारास जंगलात ही दहाएकच उरली होती! कारणं तीच, जंगलतोड, उंदीर, मांजरं, माकडं, शिवाय उंदीर मारायला म्हणून भारतातून नेलेलं मुंगूस, त्याने पक्ष्यांवरही ताव मारला.

तिथल्या केस्ट्रेलचं, म्हणजे छोट्या ससाण्याचं तर विचारूच नका, 1974 मधे जंगलात फक्त 4 माहीत होते. कार्ल जोन्स नावाच्या माणसाने घरट्यातली अंडी काढून वेगळी उबवली, मादी परत अंडी घालते ना, मग संख्याही वाढत गेली. एवढ्या चिकाटीने कोणी ससाण्यामागे लागतं हे ऐकूनच मी गार. आम्हाला ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात केस्ट्रेल नाही, एको पॅराकीट मात्र दिसला, लांबून थेट आपला पोपट, जरा गडद आणि आखूड शेपटीचा. आणि त्याच्या ढोलीवर डोळा ठेवून असतो कोण, तर आपल्याकडून गेलेला पोपटच, म्हणजे घ्या!

जाणार असाल तर एग्रेतचं बुकिंग आधी करा, गाईडशिवाय सोडत नाहीत. आणि गणपतीत गेलात तर तिथे चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, मराठी मंडळी आहेत बरीच, मोदकांची सोय होईल.